निखाऱ्यांसकट दिलेली इस्त्री

मित्रांनो, जरा वाकून माझ्यावर हात ठेवा. गार लागले ना? मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे. या ख्रिस्ती प्रार्थनामंदिराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला इथे उंबऱ्याशी ठेवलं आहे. रविवारी मुलं धावत येतात, मला अडखळतात, "ही कुणी ठेवली इथे?" म्हणतात आणि आत जातात. मी रागावत नाही. माझ्या पोटात कधीकाळी विस्तव होता, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

मी ओतीव लोखंडाची. ओतारीदादांनी मला साच्यातून काढलं आणि माझा तळ घासून घासून असा गुळगुळीत केला, की त्यांना त्यात आपल्या मिशा दिसल्या. "जा, लोकांच्या सुरकुत्या काढ," ते म्हणाले. "आमच्या घरच्या कपाळावरच्या तेवढ्या मला कधी काढता आल्या नाहीत."

मला विकत घेतलं पाळकीणबाईंनी, म्हणजे या मंदिराच्या पाळकांच्या पत्नीने. मंदिराच्या अंगणात त्या आणि मंडळीतल्या काही बायका जुने कपडे सांधून विकत. त्या दुकानाच्या नफ्यातून कुणासाठी कात्री, कुणासाठी तराजू, अशी हत्यारं येत. गरजू बाईला हत्यार उसनं मिळे आणि सोबत सुरुवातीपुरते पैसे. पैसे कमाईतून थोडे थोडे फेडायचे. स्वतःचं हत्यार घेण्याइतकी ऐपत आली, की उसनं आपल्या हाताने पुढच्या बाईला नेऊन द्यायचं. कोण कुठल्या देवाला हात जोडते, हे विचारलं जात नसे.

कुणी टोकलंच, "बाई, देवाचं काम सोडून हा धंदा कशाला?" तर त्या हळूच म्हणत, "उपाशी माणसाला मी शुभवर्तमान वाचून दाखवलं, तर त्याला माझ्यापेक्षा त्याच्या पोटाचाच आवाज मोठा ऐकू येतो."

"मग फुकटच द्या की."

"फुकट घेणारा हात खालीच राहतो. फेडणारा हात दुसऱ्यालाही देता येतो."

माझं पहिलं घर दोन जावांतल्या थोरलीचं. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला. मला घेताना ती खालमानेने म्हणाली, "बाई, पेटवायला आज घरात काहीच नाही." पाळकीणबाईंनी आपल्या चुलीतले निखारे चिमट्याने माझ्या पोटात भरले आणि स्वतः मला उचलून निघाल्या. भर रस्त्यात मी धूर सोडत चालले होते. कोपऱ्यावरचा चांभार म्हणाला, "बाईंनी आगगाडी पाळली वाटतं." तेव्हापासून तोच रिवाज पडला. इस्त्री पुढच्या घरी न्यायची ती पेटतीच.

थोरली गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर पाणी शिंपडायची, ओलं बोट माझ्या तळाला लावून चुर्र आवाज ऐकायची आणि मगच कॉलरला हात घालायची. काम करताना ती भक्तिगीत गुणगुणायची. सूर बेताचाच, पण त्या सुरावर मी पुढेमागे व्हायचे. मित्रांनो, त्या गुणगुणण्यासाठी मी अजून झुरते.

तिचं बस्तान बसलं. नवऱ्याला औषध सुरू झालं, तांदळाच्या डब्यात पैसेही साठले. आता माझी पाठवणी व्हायची, आणि पुढची पाळी होती धाकटीची, तिच्या जावेची. दोघी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहायच्या, पण सासूच्या एका पितळी पातेल्यावरून त्यांचं बोलणं बंद होतं. धाकटीचा नवरा परागंदा झालेला, पदरात एक मुलगी.

"अजून नाही जमत हो नवी घ्यायला," थोरली दर वेळी पाळकीणबाईंना सांगायची. त्या नुसतं "बरं" म्हणायच्या. मलाही ते गोड लागायचं, कारण मला कुठे जायचं होतं?

एका दुपारी थोरली मंदिरातल्या प्रभुभोजनाच्या मेजाचं पांढरं कापड घेऊन बसली होती. भिंतीपलीकडून धाकटीचा आवाज आला. ती मुलीला सांगत होती, "दुसरा फ्रॉक पिशवीत टाक. उद्या त्या शेठजींकडे पोचवते तुला. तिथे पोटभर मिळेल. भांडी स्वच्छ घास. उलट बोलू नकोस."

"तू मला न्यायला कधी येशील?"

"पिशवीची गाठ नीट बांध," धाकटी म्हणाली. थोरलीचा हात माझ्यावर तसाच थांबला. वास सुटला तेव्हा ती दचकली. पांढऱ्या कापडावर माझ्या तळाचा तपकिरी ठसा उमटला होता.

ते कापड घेऊन ती पाळकीणबाईंकडे गेली आणि परत येऊन मला फुंकर घालू लागली. निखारे लाल झाले तरी ती थांबेना. शेवटी मलाच विचारावं, अशा आवाजात ती म्हणाली, "बाईंनी रागे भरायचं सोडून विचारलं, लक्ष कुठे होतं? काय सांगू मी?" मग तिने मला उचललं आणि भिंतीला वळसा घालून धाकटीच्या दारात उभी राहिली.

"काय हवंय?" धाकटीने विचारलं.

"काही नको. धर. मुठीला धर, चटका बसेल."

"माझ्याकडे कोळसे नाहीत."

"म्हणून तर पेटती आणलीय. विझायच्या आत पोरीचा फ्रॉक पिशवीतून बाहेर काढ. चुरगळला असेल."

धाकटीने मूठ धरली. मग ती म्हणाली, "आणि ते पातेलं?"

"राहू दे तुझ्याकडेच. पाणी शिंपडायला लागेल."

दुसऱ्या दिवशी उपासनेत तेच कापड मेजावर होतं. पाळकीणबाईंनी डाग झाकला नव्हता. दोघी जावा शेजारी बसल्या होत्या, मध्ये फ्रॉकवाली मुलगी.

त्यानंतर मी खूप घरं पाहिली. घर वर आलं, की मी त्या घराबाहेर. सुखाचे दिवस मी कुठेच पाहिले नाहीत, फक्त त्यांची चाहूल ऐकली. मग विजेच्या इस्त्र्या आल्या. मी आधी फळीवर गेले, नंतर या उंबऱ्याशी.

थोरली म्हातारी झाली तरी दर रविवारी दारात वाकायची, माझ्या मुठीवर हात ठेवायची आणि म्हणायची, "गारच का गं अजून?" हल्ली ती येत नाही. मी दारातून रस्त्याकडे बघत राहते. ती फ्रॉकवाली मुलगी आता पाळकीणबाईंच्या जागी दुकान सांभाळते. नवं हत्यार कुणाला द्यायचं असलं, की आधी माझ्यावरची धूळ पुसते.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं हत्यार, एखादं जास्तीचं काही पडून असेल. त्याला दाराशी बसवू नका. ज्याला हवं आहे त्याच्या घरी स्वतः घेऊन जा. आणि एवढं माझं ऐका, देताना ते गार देऊ नका.