सॉलोमनबुवांचं कीर्तन, सकाळी दहा वाजता

रेडिओ केंद्रातल्या निशिगंधाबाईंचा फोन आला तेव्हा खांब गावचा गुणाजी वालाच्या शेतात होता. केंद्राला पन्नास वर्षं होत होती, म्हणून जुन्या टेपांची कपाटं उघडली होती. त्यात एक टेप निघाली. वर लिहिलेलं : योसेफाचं आख्यान, कीर्तनकार सॉलोमन, रोहा, तबला, गुणाजी, खांब.

"काका, तबल्यावरचे तुम्हीच ना?"

"व्हय, मीच. बुवांना जाऊन बारा वर्षं झाली."

"आवाज इतका खणखणीत आहे, आम्ही हातातलं काम टाकून ऐकत बसलो. पुढच्या महिन्यात लावायचंय. मी कार्यक्रमांचा तक्ताच भरतेय, दिवस सांगता का एखादा?"

ज्याने जन्मभर कीर्तनं ऐकली त्याला हे काय विचारायचं. "एकादशी धरा, बाई," गुणाजी म्हणाला. "कीर्तनाला त्याच्यापरीस चांगला दिवस नाय."

बाईंनी पाहिलं. दुसरी एकादशी सोयीची होती. सकाळी दहा ते साडेदहा ही वेळ त्यांनी लिहून टाकली.

सॉलोमनबुवा रोह्याचे, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. काळी टोपी, खांद्यावर उपरणं, आणि मराठीत असं रसाळ आख्यान लावायचे की भावांनी योसेफाला विहिरीत ढकललं म्हटल्यावर माळकरी म्हातारे पंच्याने डोळे पुसायचे. देव तुमचा की आमचा, असं त्या मांडवात कधी कुणी विचारलं नाही. मागे बुवांची बायको हन्ना झांज धरून धृपद उचलायची. गुणाजीची आणि तिची सगळी तरुणपणाची वर्षं त्या एका माणसाच्या पाठीशी उभं राहण्यात गेली.

रेडिओवर मात्र बुवा एकदाच गेले. तेव्हा केंद्राचा आवाज पार महाडपर्यंत जायचा. आता जुना मनोरा उतरवलाय, एफएम आलंय, आणि ते पेणला स्वच्छ लागतं, पण सुकेळीच्या खिंडीत येऊन गप्प होतं. रोह्याला नुसती खरखर. म्हणून गुणाजीने मनात सगळा बेत केला. एकादशीला हन्नावहिनीला गाडीने पेणला आपल्या लेकीकडे, मालूकडे न्यायचं, चहा द्यायचा आणि दहाला रेडिओ लावायचा. आधी सांगायचं नाही. नक्की झाल्यावर सांगायचं.

आठवडाभर आधी तो वालाच्या शेंगा घेऊन रोह्याला गेला. हन्नावहिनीची मुलं इस्रायलला. ती बुवांची कबर सोडून जायला तयार नव्हती, म्हणून एकटी मागे राहिलेली. त्याने सांगितलं तेव्हा शेंगा सोलता सोलता तिचे हात थांबले.

"सगळं कीर्तन? पूर्वरंगापासून?"

"सगळं. तुमचं धृपदपण."

"तुमचा तबला किती पुढे पळायचा ते आता पेणवाल्यांना कळेल."

"तबला कुठला पळतोय. बुवाच रडायला मागं राहायचे."

ती हसली. डोळे पुसून पुन्हा हसली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून म्हणाली, "एकादशी म्हणजे कधी?" आणि तिनेच बोट ठेवलं. "भाऊ, हा शनिवार हाय."

गुणाजी त्या चौकोनाकडे बघत राहिला. तिथी पाहिली होती, वार पाहिलाच नव्हता.

आणि शनिवार त्याला ठाऊक नव्हता असं कसं म्हणावं? त्या एका कीर्तनानंतर गावोगावहून पत्रं आली होती. केंद्राने बुवांना दर महिन्याला बोलावलं होतं, पण केंद्राची कीर्तनाची वेळ शनिवार सकाळची. बुवा म्हणाले, शब्बाथला, आमच्या शनिवारच्या विसाव्याला, मी प्रवास करत नाही, झांज वाजवत नाही. देवाचाच दिवस मोडून देवाचं नाव कसं घेऊ? तेव्हा गुणाजी महिनाभर त्यांच्याशी धड बोलला नव्हता. त्याच्याही तबल्याचा रेडिओ हुकला होता.

"वहिनी, वार बदलून घेतो."

"घ्या बदलून. नाय झालं तर मनाला लावून घेऊ नका."

निशिगंधाबाई मनाने चांगल्या. ऐकून घेतलं, दोन दिवस मागितले, मग स्वतःच फोन केला. "काका, तक्ता वरून सही होऊन आलाय. आणि पुढच्या महिन्यापासून आमचे सकाळचे स्थानिक कार्यक्रमच बंद होतायत, सगळं मुंबईहून येणार. माझ्या हातात फक्त हा एकच दिवस आहे."

"टेपेची नक्कल?"

"अर्ज पाठवलाय मी. पण वरून हो म्हणतील असं मला वाटत नाही. खोटं कशाला सांगू."

मालूने फोनवरून आणखी एक वाट काढली. "बाबा, मी मोबाइलवर उतरवून ठेवते. रविवारी ऐकव काकूला."

गुणाजीने तेही विचारलं. हन्नावहिनी म्हणाली, "ज्या दिवसासाठी त्यांनी रेडिओ सोडला, त्याच दिवशी त्यांचा आवाज माझ्यासाठी पकडून ठेवायचा? तुम्ही खुशाल ऐका, भाऊ. तुमचा तबला हाय. मला नको."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाची समजूत तरी घालता येते.

एकादशीला गुणाजी आंघोळ करून हायवेवर आला. एका बाजूला पेणची एसटी लागते, दुसऱ्या बाजूला रोह्याची. पेणची आधी आली. वाहकाने विचारलं, "काय, म्हातारबा, येताय ना?" बुवांना एकदा ऐकायला त्याचा जीव तुटत होता. तो म्हणाला, "नाय, तू जा," आणि रस्ता ओलांडला.

हन्नावहिनीने दार उघडलं ते काही न विचारता. शनिवार म्हणून चूल थंड होती. गुणाजी टेकला तशी तिने झाकलेली ताटली पुढे सरकवली. उकडलेली रताळी.

"काल सांजेला शब्बाथ लागायच्या आत उकडून ठेवली. उपास ना तुमचा?"

गुणाजीला वर बघवेना. तिला त्याची एकादशी पाठ होती.

दोघं बसून राहिले. धाटावच्या कंपनीची बस समोरून गेली. थोड्या वेळाने गुणाजीच्या खिशात फोन वाजू लागला. मालूच असणार, केंद्र लावून फोन रेडिओजवळ धरला असणार. तो वाजला, थांबला, पुन्हा वाजला. गुणाजीने खिशावर हात दाबून धरला. बंद करायचं कसं, तेही सुचेना.

"घ्यायचा असेल तर अंगणात जाऊन घ्या," हन्नावहिनी म्हणाली.

"नको."

फोन थांबला तो मग वाजलाच नाही. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "किती वाजले?"

"साडेदहा होऊन गेले."

"म्हणजे झालं असेल."

"व्हय. झालं असेल."

तिने पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. "रताळं खा की, भाऊ. कोरडं वाटत असेल तर गूळ हाय."