उरलेले दोन तुकडे

"कोंबडी," फुसाएसाननी बोट रोखलं. "अंडं नाही, दूध नाही."

"नाही," मी म्हणाले.

"सोया सॉस, आलं, लसूण. अंडं नाही, दूध नाही."

"नाही."

"बटाट्याचं पीठ. पिशवी आजच फोडली."

"आजच."

आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात हे रोज चालतं. एकीने वस्तूवर बोट रोखून मोठ्याने म्हणायचं, दुसरीने ती वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी बघून उत्तर द्यायचं. मी नवीन होते तेव्हा मला हसू आवरायचं नाही. दोन घोडनवऱ्या भातुकली खेळताहेत असं वाटायचं.

"तेल," फुसाएसानचं बोट मोठ्या कढईकडे वळलं. "नवं."

माझ्या तोंडून उत्तर आलं नाही.

ते का आलं नाही हे कळायला आधी शिओरीबद्दल सांगायला हवं. शिओरी सहावीत होती. तिला अंडं आणि दूध चालत नाही. चालत नाही म्हणजे पोट बिघडतं असं नाही, श्वास कोंडतो. पहिलीत असताना एकदा वर्गात वाढणाऱ्या मुलाने अंड्याच्या सारातली पळी चुकून तिच्या साराच्या भांड्यात बुडवली. चार मिनिटांत तिचे ओठ सुजले, गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. वर्गाच्या बाईंनी मांडीत इंजेक्शन दिलं म्हणून निभावलं. घाटाखालून रुग्णवाहिका यायला सदतीस मिनिटं लागली. तेवढा वेळ फुसाएसान गमबूट घालून फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी भांडं नीट वेगळं करून पाठवलं होतं, चूक त्यांची नव्हती, पण हे त्यांना कोणी पटवून देऊ शकलं नाही.

तेव्हापासून शिओरीचं अन्न वेगळ्या छोट्या कढईत शिजायचं, झाकणावर तिचं नाव लागायचं आणि निळ्या ताटातून तिच्यासमोर जायचं. आणखी एक नियम झाला. तिने दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नाही. आमच्याकडे कोणी गैरहजर असलं की त्याचा वाटा उरतो. तो ज्यांना हवा असेल ते रांगेत येतात आणि दगड-कागद-कात्री खेळतात. शाळेतला दिवसभरातला सगळ्यात मोठा दंगा तो. शिओरी सहा वर्षं तो जागेवर बसून बघत आली.

तशी पोरगी रडकी नाही, चांगली तोंडाळ आहे. भांडी परत द्यायला खिडकीशी आली की मला विचारायची, "किनुयोसान, आजचा भोपळा अळणी होता. घरी भांडून आलात का?"

मार्चमध्ये सहावीची मुलं शाळा सोडतात, आणि शेवटच्या जेवणाला काय हवं ते तीच चिठ्ठ्या लिहून ठरवतात. यंदाच्या अकरा चिठ्ठ्यांपैकी दहांवर तळलेली कोंबडी होती. शिओरीने पदार्थाचं नावच लिहिलं नव्हतं. तिने लिहिलं होतं, 'मला दुसऱ्या वाढपाच्या रांगेत उभं राहायचं आहे.'

फुसाएसानचाही तो नोकरीतला शेवटचा दिवस असणार होता. एकतीस वर्षं त्या या चुलीपुढे होत्या. ती चिठ्ठी त्यांनी महिनाभर ॲप्रनच्या खिशात बाळगली. शिओरीची आई, डॉक्टर, मुख्याध्यापक आणि मुलांचा आहार ठरवणाऱ्या आमच्या तरुण बाई, ओगाता सेन्सेई, सगळ्यांचे उंबरे झिजवले. शेवटी ठरलं की त्या दिवशी शाळेची एकच पंगत. कोणाच्याच ताटात अंडं नाही, दूध नाही, म्हणून निळं ताटही नाही. रोजच्या दुधाऐवजी जवाचा चहा. दूध टळलं एवढ्यावरच अर्धी शाळा खूश होती.

आता तेल. माझं माहेर तळणीच्या दुकानाचं. तेल गाळून तीनदा वापरल्याशिवाय माझ्या आईला चैन पडायचं नाही. शाळेतही आम्ही तेल दोनदा वापरतोच. त्या सकाळी मी आल्याबरोबर कालचं गाळलेलं तेल कढईत ओतलं, वरून नव्या डब्यातलं अर्धं ओतलं, आणि अर्धा डबा वाचवला म्हणून स्वतःवर खूश झाले. कालच्या तेलात अंड्यात बुडवलेले मासे तळले होते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. हात सवयीने पुढे गेले, डोकं मागे राहिलं.

ते कळलं फुसाएसानचं बोट कढईवर थांबलं तेव्हा. तेल अगदी नितळ दिसत होतं. मी 'नवं' म्हटलं असतं तर कोणाच्या लक्षात आलं नसतं. लाज वाटते सांगायला, पण तसा विचार माझ्या मनात येऊन गेला. एवढ्या तेलात तो कितीसा अंश असणार? मग ती सदतीस मिनिटं आठवली.

"नाही," मी म्हणाले. "अर्धं कालचं आहे."

फुसाएसाननी गॅस बंद केला. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ओगाता सेन्सेई धावत आल्या. शिओरीचं रोजच्यासारखं छोट्या कढईत तळा, निळ्या ताटात द्या, बाकीच्यांचं या तेलात होऊ दे, असं त्यांनी सुचवलं. बोलणं रास्त होतं.

"जिवाचं भय नाही, सेन्सेई, हे खरं," फुसाएसान म्हणाल्या. "पण मग ती रांगेत कशी उभी राहणार?"

मी घाट उतरून नवा डबा आणते म्हणाले. जाऊन-येऊन दीड तास लागला असता. त्यांनी ते कानावरच घेतलं नाही. नवं तेल किती उरलंय, एवढंच विचारलं.

"अर्धा डबा."

"चला. चिकटपणाने चूक केलीस, पण चिकटपणानेच अर्धा डबा ठेवलास." असं म्हणून त्यांनी वरच्या फळीवरून शिओरीची छोटी कढई काढली.

"हिच्यात? एकशे चार तुकडे?"

"सहा वर्षं तिचं वेगळं तळलं. आज सगळ्यांचं तिच्या कढईत तळू."

मोठी कढई झाकून बाहेर नेली. मी कोपरापर्यंत हात धुतले, ॲप्रन बदलला, ओटा तीनदा पुसला. मग घाण्यामागून घाणे सुरू झाले, एका वेळी आठ तुकडे. ओगाता सेन्सेई बाह्या सारून प्रत्येक घाण्यात तापमापकाची सुई खुपसून आतली उष्णता बघत होत्या. फुसाएसानचा झारा क्षणभर थांबत नव्हता. आणि अशा गडबडीतही त्यांची जीभ मोकळीच होती. मला म्हणाल्या, लग्नातसुद्धा तू एवढी घामाघूम झाली नसशील. मी म्हणाले, लग्नात चूक नवऱ्याची होती. आल्याचा आणि सोया सॉसचा वास व्हरांड्यात पोचला तशी वर्गावर्गातून खिडक्या उघडल्याचे आवाज येऊ लागले. तेरावा घाणा निघाला तेव्हा साडेअकरा वाजले होते.

आमच्याकडे मुलांच्या अर्धा तास आधी मुख्याध्यापक जेवतात. काही बिघडलं असलं तर आधी त्यांचं बिघडावं, असा नियम. त्यांनी आपले दोन तुकडे संपवले आणि रिकाम्या ताटाकडे बघत उगाच रेंगाळले. आम्ही त्यांना अजिबात भीक घातली नाही.

सहावीतला एक मुलगा तापाने घरी होता. म्हणजे उरले दोन तुकडे. एरवी आम्ही वर्गाकडे कधी फिरकत नाही, पण त्या दिवशी दोघी दाराच्या फटीला डोळा लावून उभ्या राहिलो. कोणाला हवंय, असं बाईंनी विचारताच दहाच्या दहा खुर्च्या मागे सरकल्या. रांगेत शिओरी होती, मधोमध. तिला पुढेमागे ढकललं जात होतं आणि तीही कोपराने ढकलत होती. फुसाएसाननी माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस दुखत होता.

पहिल्या डावात चौघं बाद झाली. पुढच्यात आणखी तिघं. तिघं उरली, तुकडे दोन. शिओरी तिघांत होती.

मला राहवलं नाही. माझ्या वाट्याचा एक तुकडा आत सरकवते, म्हणजे तिघांनाही मिळेल, असं मी कुजबुजले.

"गप उभी राहा," फुसाएसान म्हणाल्या. "हरली तर हरू दे. आजच तर हरता येतंय तिला."

शिओरीने दगड दाखवला. बाकी दोघांनी कागद.

वर्ग आरडाओरड्याने दणाणून गेला. शिओरीने पाय आपटला, तुम्ही दोघांनी ठरवून केलंत म्हणून त्या दोघांशी भांडली, आणि भांडता भांडता हसत सुटली. तिची कोणी समजूत काढली नाही. कोणाला गरजच वाटली नाही.

जेवणं झाल्यावर ती भांड्यांची टोपली घेऊन खिडकीशी आली.

"कसं झालं?" फुसाएसाननी काहीच बघितलं नसल्यासारखं विचारलं.

"हरले," शिओरीने बक्षीस मिळाल्यासारखं सांगितलं. "ऐन वेळी दगडच आला हातात."

"सहा वर्षं बघत होतीस. एवढंही शिकली नाहीस?"

"बघून नाही येत ते, फुसाएसान."

तिने वाकून निरोप घेतला आणि पळाली. फुसाएसान नळ सोडून माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. माझीही अवस्था काही वेगळी नव्हती.

मग त्यांनी निळं ताट काढलं. त्या दिवशी त्यात कोणी जेवलं नव्हतं, तरी घासलं, पुसलं आणि मांडणीच्या पहिल्या खणात उभं केलं. एप्रिलमध्ये पहिलीत एक मुलगा येणार होता, त्याला गहू चालत नव्हता. ॲप्रन सोडून घडी घालता घालता त्या माझ्याकडे वळल्या आणि 'आता तू' अशी नुसती मानेने खूण केली.

मी बोट रोखलं.

"निळं ताट. धुतलेलं."

"धुतलेलं," फुसाएसान म्हणाल्या.