भागीरथा गुरुवारीच का येते?

गुरुवारी दुपारी शेषराव महाराजांच्या मठात पाय ठेवायला जागा नसे. धामणगावहून जीप भरभरून लोक यायचे, आणि खरं तर महाराजांपेक्षा साधनालाच पाहायला यायचे. महाराज धुनीत मूठभर कापूस टाकत. धूर वर चढला की ही सव्वीस वर्षांची पोर थरथरायला लागे आणि घोगऱ्या आवाजात ओरडे, "दार उघडा वो! भागीरथा अंदर हाय!"

"ऐकलं?" महाराज गर्दीकडे वळत. "भागीरथा मुक्तीचं दार मांगून राहिली! सात दरवाजे हायेत. तीन म्या उघडले, चौथा लय जड हाय!"

लोक हात जोडत. सातही चाव्या या एकट्या महाराजांकडेच कशा, हे कुणी विचारत नसे.

भागीरथा म्हणजे साधनाची मैत्रीण. दोघी एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होत्या. दोन वर्षांपूर्वी तिथे कापसाच्या गंजीला आग लागली. साधना बाहेर पडली. मागचं दार बंद होतं, भागीरथा आत राहिली. तेव्हापासून साधना झोपेतून दचकून उठायची, कुणाशी बोलायची नाही. शेवटी सासरे खुशालराव तिला मठात घेऊन गेले. महाराजांनी निदान केलं, "हिच्यात ते बसली हाय. लेकरू हिच्याजवळ ठेवसान तं लेकरू जाईन."

साधनाची चार वर्षांची मुलगी इशिता कौंडण्यपूरला आत्याकडे गेली. नवरा नितेश अकोल्याला नोकरीला, त्याचे फोनही कमी झाले. साधनाला मागची खोली, वेगळं ताट, वेगळं अंथरूण.

मी शेजारी. तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेला, बायको गेल्यापासून एकटा. भिंतीपलीकडे साधना रिकाम्या खोलीत मुलीची बडबडगीतं म्हणत बसायची. ते ऐकवत नसे, म्हणून मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. त्याची आजही लाज वाटते.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचं अंथरूण घराबाहेर काढतात. बायकोची गादी मी वर्षभर काढली नव्हती. एका बुधवारी सकाळी मन घट्ट केलं आणि ती अंगणात पेटवली. कापूस धुमसला, आणि भिंतीपलीकडून किंकाळी आली, "दार उघडा वो! भागीरथा अंदर हाय!"

बुधवार होता. ना मंत्र, ना महाराज. मी बादलीभर पाणी ओतून आग विझवली आणि पळत गेलो. साधना कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. धूर विरला तशी ती शांत झाली आणि स्वतःच्याच आवाजात म्हणाली, "सर, पाणी देता?"

मी खुशालरावांना गाठलं. "धुनीतला कापूस कोण आणतं?"

"आमीच नेतो. वावरातल्या सीतादहीच्या पूजेचा, वेचणीचा पयला कापूस. महाराजानं फक्त आमालेच सांगतला."

"पहिल्या गुरुवारी होता कापूस?"

"नाई. तवा काईच झालं नाई. दुसऱ्या खेपेले कोण्या बाईनं वाहिला, अन् भागीरथा आली."

म्हणजे कापसाच्या धुरानेच ती ओरडते, हे महाराजांनी बरोबर हेरलं होतं. मग मी साधनाला विचारलं, या गुरुवारी कापूस न नेता मठात येशील का. ती म्हणाली, "चला. इशू घरी येत असन तं मी कुठीबी येतो."

त्या गुरुवारी आम्ही रिकाम्या हाताने गेलो. महाराजांनी तासभर मंत्र म्हटले, चिमटा आपटला, घामाघूम झाले. साधना गुपचूप बसून राहिली.

"कापूस काहून नाई आणला?" महाराज खेकसले.

"महाराज," मी विचारलं, "भागीरथा तुमचं ऐकते की कापसाचं?"

मागे एक बाई फसकन हसली.

"तुमची श्रद्धा नाई, म्हणून ते येऊन नाई राहिली!"

"मग बरंच झालं की! गेली म्हणायची. लेकरू आणू घरी?"

महाराज धुनी सारखी करू लागले. खुशालराव हळूच उठले.

आम्ही साधनाला अमरावतीला नेलं, तिथे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. प्रणाली यांनी आम्हाला समजावलं. मेंदूत बदामाएवढा एक भाग धोक्याची घंटा वाजवतो. जिवावरच्या प्रसंगात ती इतकी जोरात वाजते की 'हे तेव्हा घडलं, आता संपलं' ही नोंद नीट होतच नाही. मग तोच वास आला की मेंदूला वाटतं, आग आत्ताच लागली आहे. साधना ढोंग करत नव्हती आणि तिच्यात दुसरं कुणी नव्हतं.

मग डॉक्टर तिला म्हणाल्या, "त्या दिवशी काय झालं, ते तुला वाटेल तेव्हा सांग." साधना ढसाढसा रडली. दोन वर्षांत तिला हे कुणीच विचारलं नव्हतं.

उपचार सात महिने चालले. आधी पाय जमिनीवर घट्ट टेकवून समोरच्या वस्तूंची नावं घ्यायची. मग तो दिवस तिला झेपेल तेवढाच, थोडा थोडा सांगायचा. चौथ्या महिन्यात ती मला म्हणाली, "मी बाहेरून दार लय ठोकलं वो सर. हात सुजले. कोणी आलंच नाई." त्यानंतर तिला झोप लागू लागली.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मुलीला आणा. पण खुशालरावांची भीती जायला वेळ लागला. सासू तानुबाई इशिताला घेऊन आली, तोवर त्यालाही वर्ष उलटलं होतं. पोर आजीच्या पदराआड लपली आणि हळूच म्हणाली, "आजी, हे बाई कोन हाय?"

साधना पाय जमिनीवर घट्ट टेकवून ओसरीवर बसली आणि वाट पाहत राहिली.

लेकीला आई परकी झाली, महाराजांनी केलेला चमत्कार तो हाच. हात जोडून सांगतो, घाबरलेल्या माणसाला धुनीपुढे नेऊ नका, डॉक्टरकडे न्या. त्याला काय सोसावं लागलं ते विचारा. आणि आईचं लेकरू तिच्याजवळून नेऊ नका.