खरं छापून आलं त्या दिवशी

“ताई, हा पेपर पाहा न. माहा फोटो आला हाये,” बेबीताई फाटकाबाहेरून म्हणाली.

कारखान्याच्या वसाहतीतल्या, सेक्टर दोनमधल्या आपल्या क्वार्टरचं फाटक सुशीलाताईंनी उघडलं नाही. “आम्ही पेपर कधीचाच बंद केला गं. सगळं मोबाईलवरच येते.”

जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देत बेबीताईचं अर्धं आयुष्य याच रस्त्यांवर गेलं होतं. सुशीलाताईंच्या प्राचीला तिनं रांगताना पाहिलं होतं.

मागच्या पंधरवड्यात कॅम्प-1 वस्तीत एक पोरगं आईशी चुकामूक होऊन रडत होतं. बेबीताईनं त्याला कडेवर घेतलं, आईला शोधत फिरली. कुणीतरी तेवढंच मोबाईलवर टिपलं आणि खाली लिहिलं, ‘पोरं पळवणारी बाई, सावधान!’ दुसऱ्या दिवशी हथखोजच्या नाक्यावर लोकांनी तिला घेरलं. भांड्यांची टोपली लाथाडली, केस धरून तिला फरफटत नेलं. पोलीस आले म्हणून जीव वाचला. पोराच्या आईनं ठाण्यात येऊन खरं काय ते सांगितलं, तोवर बेबीताईच्या कपाळाला टाके पडले होते.

प्रफुल्ल नावाच्या वार्ताहरानं सगळी चौकशी करून बातमी छापली. त्यानं ती वाचून दाखवली तेव्हा बेबीताई पहिल्यांदा रडली. पेपरात आलं म्हणजे जगाला कळलं, असंच ती लहानपणापासून ऐकत आली होती.

सुशीलाताईंनी फाटकाच्या जाळीतून पेपर घेतला. वाचता वाचता त्यांचे डोळे भरून आले. “काय हाल केले गं तुझे! पण आमच्या ग्रुपवर अजून तोच व्हिडिओ फिरून राहिला.”

“मंग तुमी हे टाका न त्याच्यात.”

सुशीलाताईंनी पेपरची घडी घातली. “नको बाई. उगाच लोक माझ्याच मागं लागतील.” घडी जाळीतून बाहेर आली. “आणि थोडे दिवस इकडे येऊ नको.”

बेबीताई कोपऱ्यावरच्या नाल्याच्या पुलियावर, कठड्याशी जाऊन बसली. तेवढ्यात गोंदियाहून लेकीचा फोन आला.

“आई, बारशाले येऊ नको सध्या.”

“कावून वं, मोना?”

“माह्या सासरच्यांनी तो व्हिडिओ पाह्यला.”

“पेपरात आलं न माय, माहा काही दोष नाही म्हून!”

“इथं पेपर कोन वाचते, आई?” मोनाचा आवाज रडवेला झाला. “मले ठाऊक हाये वो. पन सासू म्हणते, पोरीले तुह्या आईचा हात नाही लागला पाहिजे.”

तिकडे बाळ रडू लागलं.

“ठेवते, आई. उठली वाटते.”

“ठेवू नको,” बेबीताई घाईनं म्हणाली. “घे तिले. फोन तिच्याजवळच राहू दे.”

उन्हात बसून ती नातीचं रडणं ऐकत राहिली. हळूहळू लेकरू उगी झालं. मग पलीकडून काहीच ऐकू येईना, तरी तिनं कानाला लावलेला फोन काढला नाही.