डेल्फिनोचं अपील

"मुलीचा जन्म कधीचा, मिस्टर सँडोव्हल?" न्यायाधीशबाईंनी पडद्यावरून विचारलं.

"पंच्याण्णवचा. ऑगस्ट."

"आणि तुमचा ट्रक उलटला एक्क्याण्णवला."

"हो."

बाई वॉशिंग्टनमध्ये, भिंतीवरच्या टीव्हीत बसल्या होत्या. इकडे अल्बुकर्कीच्या ऑफिसातल्या त्या खोलीत आम्ही तिघंच होतो. डेल्फिनो, त्याची बायको एर्सिलिया आणि मी. माजी सैनिकांचे अर्ज भरून द्यायचे आणि अपिलाच्या दिवशी त्यांच्या शेजारी बसायचं, हे काउंटीनं मला दिलेलं काम. सोळा वर्षं मी तेच करतोय.

डेल्फिनो वाळवंटातल्या लढाईत पेट्रोलचे ट्रक चालवायचा. ट्रक उलटला आणि त्याच्या कमरेखालच्या हाडांचा चुरा झाला. हाडांचं सरकारनं कधीच मान्य केलं. नंतर बावीस वर्षं त्यानं आमच्या खोऱ्यातली शाळेची बस चालवली. बर्फ असो, चिखल असो, त्यानं कधी कुरकुर केली नाही. हाडांसोबत आणखी काय गेलं होतं, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आला तेव्हाही तो शब्द त्याच्या तोंडून निघेना. शेवटी त्यानं माझ्याच टेबलावरचं पेन घेतलं, एका चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी माझ्याकडे वळवली. मी वाचली आणि कुठला फॉर्म लागेल तेवढं सांगितलं.

अर्ज फेटाळला गेला. तपासणाऱ्या डॉक्टरनं लिहिलं होतं की अपघातानंतर चार वर्षांनी या माणसाला मूल झालं आहे, तेव्हा नपुंसकत्व अपघातामुळे नाही, दोष वयाचा आणि साखरेचा. अर्जदाराचं म्हणणं विश्वास ठेवण्याजोगं नाही. वाढीव भत्ता काही फार नव्हता. त्याला टोचलं ते शेवटचं वाक्य. अपील कर, म्हणून तो स्वतः मागे लागला होता.

"मिस्टर सँडोव्हल," बाई हळूच म्हणाल्या, "याचा काही खुलासा असेल तर ऐकायला मी बसले आहे. नाजूक असला तरी."

डेल्फिनो म्हणाला, "ती माझी मुलगी आहे."

"ते मी नाकारत नाही. मी विचारतेय ते—"

"मला शपथ द्या," एर्सिलिया मधेच म्हणाली. "मी सांगते."

डेल्फिनोनं तिच्या मनगटावर हात ठेवला. ठेवला म्हणजे दाबलाच. तिच्या बोटांचा रंग गेलेला मला दिसला. मी दहा मिनिटं मागून घेतली आणि कॅमेरा, माइक दोन्ही बंद केले.

बाहेर जायची सोय नव्हती. दाराला काचेची उभी पट्टी होती आणि तिच्यातून बाकावर बसलेली त्यांची मुलगी मारिसेला दिसत होती. दोघांना पहाटे गाडीत घालून तीच घेऊन आली होती. बाबांच्या कमरेची सुनावणी आहे, एवढंच तिला माहीत होतं.

एर्सिलियानं मला थोडक्यात सांगितलं. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत ती घर सोडून अल्बुकर्कीला बहिणीकडे आली होती. वर्षभराहून जास्त राहिली. पंच्याण्णवच्या वसंतात डेल्फिनो तिला न्यायला आला तेव्हा तिला पाचवा महिना होता. त्यानं तिची बॅग उचलली, वाटेत टायर बदलावा लागला म्हणून उशीर झाला एवढंच बोलला, आणि तिला घरी नेलं. मुलीच्या जन्मदाखल्यावर वडील म्हणून त्यानं स्वतःचं नाव लावलं.

मला माझं काम करणं भाग होतं. मी म्हटलं, एक वाक्य पुरे आहे, डॉक्टरचं म्हणणं तिथेच पडतं. आणि फाइल कुणी बाहेर वाचत नाही.

डेल्फिनोनं विचारलं, "मी मेल्यावर ही फाइल कोण मागू शकतं?"

"घरचं माणूस."

"म्हणजे मुलगी."

"मागितली तर मिळू शकते," मी म्हटलं. खोटं कसं बोलणार?

"मग संपलं."

"संपलं कसं?" एर्सिलियाचा आवाज चढला. तिनं काचेकडे बघून तो आवरला. "त्यांनी तुला खोटारडा ठरवलंय. माझ्यामुळे. तीस वर्षं तू मला एका शब्दानं बोलला नाहीस. ते ओझं आज तरी मला तुझ्याकडून उतरवून घेऊ दे ना."

"आणि उतरवून कुणाच्या डोक्यावर ठेवणार?"

बाहेर मारिसेलानं मान वर केली, आमच्याकडे बघून हसली आणि अजून किती वेळ, असं हातानंच विचारलं. डेल्फिनोनं पाच बोटं दाखवली.

त्यानं मला माइक सुरू करायला लावला. मला अपील मागे घ्यायचंय, असं त्यानं बाईंना सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. कुणी दबाव आणलाय का, असं त्यांनी विचारलं. तो नाही म्हणाला. कारण विचारलं, तर कारण काही नाही म्हणाला. मागे घेतलंत तर डॉक्टरांचा शेरा तसाच राहील, हे कळतंय ना, असंही त्यांनी दोनदा विचारलं.

"कळतंय, मॅडम."

"ठीक आहे. अपील मागे घेतल्याची नोंद करते. बंद करण्याआधी आणखी काही?"

मी कागद गोळा करायला लागलो होतो.

"एक आहे," डेल्फिनो म्हणाला आणि खुर्चीत सावरून बसला. "त्या डॉक्टरांच्या कागदात माझ्या मुलीचं नाव चुकलंय. त्यांनी मधे सी लिहिलाय. तिथे एस पाहिजे. तेवढं दुरुस्त करता येईल?"

बाईंनी पेन उचललं. "सांगा."

शाळेच्या मुलांना बसमधून उतरवताना एकेक मोजावं तशी त्यानं अक्षरं सांगितली. एम. ए. आर. आय. मग जरा थांबून, एस. ई. एल. ए. शेजारी एर्सिलियाची मान खाली होती, पण प्रत्येक अक्षराबरोबर तिचे ओठ हलत होते.

"आणि आडनाव?" बाईंनी विचारलं.

"सँडोव्हल," तो म्हणाला.