ओली कड

सोळाव्या दिवशी मिस्त्री कामावर परतला. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, पेशंट ताटकळत बसतात त्या खोलीत, मातीची भिंत अर्धीच झाली होती. खिडकीपासून मध्यापर्यंतचा गिलावा त्याच्या बायकोच्या हातचा, पुढे दारापर्यंत उघड्या विटा. तिचं काम जिथं थांबलं होतं तिथं वरून खाली गोणपाट लटकत होतं, वाळून कडक झालेलं.

त्यानं ते ओढलं. मातीला चिकटलेलं गोणपाट चरचरत सुटलं. आपल्याला काहीतरी होईल असं त्याला वाटलं होतं, पण काही झालं नाही. त्यानं गोणपाटाची घडी घातली आणि बाजूला ठेवली.

बाईंना या खोलीत रंगाचा वास नको होता, प्लास्टिक नको होतं. आलेला माणूस आधीच धास्तावलेला, निदान बसायची जागा तरी शांत असावी, असं त्यांचं म्हणणं. जुन्या दारांच्या फळ्यांचं बाकडं झालं होतं, खिडकीला बांबूचे पडदे लागले होते, कोपऱ्यात नेच्यांच्या कुंड्या होत्या. भिंत तेवढी राहिली होती.

मदतीला बायकोची बहीण आली होती. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. ताडपत्रीवर माती, वाळू आणि बारीक कापलेला पेंढा तुडवता तुडवता ती म्हणाली, "दात उपटायला आलेला माणूस भिंत बघणार आहे का, भावोजी? तो डोळे मिटून बसणार."

"तुझी ताई हेच म्हणाली होती," मिस्त्री म्हणाला. कुणाला पत्ता सांगावा तसा.

मातीची भिंत एका दमात व्हावी लागते. ओल्या कडेला ओली माती भेटली तर जोड दिसत नाही. कड वाळली की नवी माती आकसताना तिथं फट पडते. म्हणून मिस्त्री आणि त्याची बायको दोन टोकांकडून निघत आणि मध्ये भेटत. एकोणीस वर्षं असंच चाललं होतं. ती डावखुरी, काम करताना देवाचं नाव गुणगुणणारी. "हात उलटा असेल माझा, पण भिंत कुणाची गुळगुळीत ते बघा," असं ती ऐकवायची, आणि तो ऐकून घ्यायचा, कारण ते खरं होतं.

त्या दिवशी तो वाळू आणायला गेला होता. "तू लाव, मी आलोच," म्हणाला होता. ती मध्यापर्यंत पोचली तरी त्याचा पत्ता नव्हता. कड वाळू नये म्हणून तिनं ओलं गोणपाट टांगलं, बाईंना म्हणाली, "येतीलच ते एवढ्यात. जरा टेकते." थोड्या वेळानं ती बसल्या जागी कलंडली. बाई हातातलं सोडून धावल्या, पण हृदय बंद पडलं होतं.

मिस्त्रीनं आता पाण्याचा फवारा आणि खरवडणी उचलली. "अख्खी उकरावी लागेल," तो म्हणाला. "तीच माती भिजवून परत लावता येते. वाया काही जात नाही."

धाकटीचे पाय थांबले. "ताईचा हात तेवढाच उरलाय."

"फट पडेल."

"पडू दे."

तोंडावरचा मास्क खाली ओढत बाई बाहेर आल्या. "मिस्त्री, मलाही तशीच राहिलेली चालेल. कुणी विचारलं तर सांगेन, इथवर त्यांनी केली."

मग विचारणारा पुढचं विचारेलच, की दुसरा कुठं होता. दुसरा कुठं होता ते देवाला ठाऊक होतं आणि वाळूवाल्याला. मिस्त्रीनं फवारा मारला. भिंतीवर एक डाग गडद झाला.

धाकटीनं त्याचं मनगट धरलं. "गिऱ्हाईक राहू दे म्हणतंय, तरी तुम्ही काम परत करताय? तुम्ही? एवढे कष्टाळू कधीपासून झालात?"

तो भिंतीकडे बघत राहिला. "वाळू अर्ध्या तासात भरून झाली होती," तो म्हणाला. "मी चहा पीत बसलो. वाळूवाल्याच्या लेकीचं लग्न ठरलं, त्याच्या गप्पा. दीड तास."

तिनं मनगट सोडलं. बाई आत गेल्या. बराच वेळ धाकटी पायाला लागलेली माती बोटानं काढत राहिली.

"उकरलीत तरी मला कळलंय ते कळलंच," ती शेवटी म्हणाली. "आणि मी विसरणार नाही, भावोजी. पण माती तुडवून देते. लावा."

त्यानं खरवडणी खाली ठेवली आणि दाराकडून सुरुवात केली. दुपारपर्यंत तो मध्यावर आला. सवयीनं डावा हात ओली कड चाचपायला पुढे गेला. कड कोरडी होती, विटेसारखी. त्यानं आपली माती तिला नुसती टेकवली, वरून घासली नाही.

पाच दिवसांनी तो बघायला आला. वरून खाली, केसाएवढी फट पडली होती. बाकड्यावर गाल धरून बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "नव्या भिंतीला तडा गेला का हो?"

दारात उभ्या असलेल्या बाई बोलणार, तेवढ्यात मिस्त्री म्हणाला, "इथवर बायकोनं केली. ती वाट बघत थांबली होती. मी उशिरा आलो."

"फार उशिरा?"

"दीड तास."

म्हाताऱ्यानं गाल धरूनच मान हलवली. बाईंनी त्याला आत घेतलं. खोलीत आणखी दोघं बसली होती. त्यांनाही काही विचारायचं असेल म्हणून मिस्त्री थोडा वेळ भिंतीपाशी उभा राहिला.