माझ्या मागच्या चाकाची किरकिर

शिवणकामाच्या दुकानात शिरले की माणसाची नजर आधी कपड्यांवर जाते. आमच्या दुकानात मात्र लोक आधी वर बघतात. मित्रांनो, तिथे दोऱ्याच्या रिळांच्या फळीवर एक जुनी लाल गाडी बसलेली असते. रंग जागोजागी खरवडलेला, पुढचा बंपर तारेने बांधलेला. ती मी. रिमोटवर चालते. नवे गिऱ्हाईक हमखास विचारते, "नातवाची का हो?" मग माझी मालकीण तोंडात धरलेली टाचणी काढते आणि सांगते, "नाही, माझी."

मालकिणीला सगळे टेलरबाई म्हणतात. स्वतःचे दुकान काढण्याआधी त्यांनी अर्धे आयुष्य कपड्यांच्या कारखान्यात काढले. तिथे एका मोठ्या पत्र्याच्या छपराखाली शिलाई मशीनच्या रांगा दिवसभर धडधडत असत. शेजारणीशी बोलायचे तर तिच्या कानाशी तोंड न्यावे लागे. दुकान निघाले, धडधड थांबली. पण हातांना स्वस्थ बसायची सवय राहिली नव्हती. सुटीच्या दिवशीही बाई उसवलेले काहीतरी शोधत बसायच्या. ते पाहून त्यांच्या भाच्याने एक खोके आणून दिले. "मावशी, हे घे. यात गाडी आहे, पण सुटी सुटी."

त्या खोक्यात मी होते. चार चाके, एक मोटर, मूठभर बेअरिंगे आणि स्क्रूंच्या पुड्या. बाईंनी कापड बेतायच्या टेबलावर मला पसरले, बटणांच्या डब्यांमध्ये स्क्रू वेगवेगळे लावून ठेवले आणि कपडा शिवावा तसे मला जोडले. घाई नाही, ओढाताण नाही. मी पहिल्यांदा टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावले तेव्हा त्यांनी मला पडण्याआधी झेलले आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

मग दर रविवारी आमची स्वारी एका बंद पडलेल्या गोदामामागच्या मोकळ्या आवारात जाऊ लागली. तिथे आणखी काही मंडळी आपापल्या गाड्या घेऊन यायची. दातांचे डॉक्टर त्यांची निळी गाडी आणायचे. ती माझ्यापेक्षा महागडी आणि नव्या धाटणीची, पण वळणावर मागे पडायची. डॉक्टर म्हणायचे, "बाई, तुम्ही गाडी वळवत नाही, कात्रीने कापड कापता." घरी परतताना बाई मला मांडीवर घेऊन बसत आणि रुमालाने पुसत.

बाईंचे यजमान ग्रंथपाल. ते सोबत यायचे, माझ्या बॅटऱ्या सांभाळायचे आणि घडीच्या खुर्चीवर पुस्तक वाचत बसायचे. वाचनालयात उभी हयात गेल्यामुळे त्यांचा आवाज मुळातच हळू. त्यावरून घरात रोज एक चकमक झडायची.

"अहो, तोंडातल्या तोंडात काय बोलता? मोठ्याने सांगा."

"चहा घेणार का, असं विचारलं."

"मग तसं बोला की. पुटपुटता कशाला?"

ग्रंथपाल मुकाट्याने चहा ठेवायचे. पुढे गिऱ्हाईकेही पुटपुटू लागली. एकाने कमरेचे माप छत्तीस सांगितले आणि बाईंनी पॅन्ट बत्तीसची शिवली. तो बिचारा पडद्याआड बराच वेळ झगडून लाल होऊन बाहेर आला. बाईंनी त्याला नव्या कापडाची दुसरी पॅन्ट शिवून दिली, पण तो गेल्यावर म्हणाल्या, "हल्ली लोकांना धड बोलता येत नाही." ग्रंथपालांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले आणि पुन्हा पुस्तकात डोके घातले. त्यांना काय कळले होते ते तेव्हा मला कळले नाही.

आणि मग तो रविवार आला. मी लांबच्या सरळ पट्ट्यावरून पूर्ण वेगात येत होते. एवढ्यात शेजारच्या इमारतीतली एक छोटी मुलगी चेंडूमागे धावत आवारात शिरली, थेट माझ्या वाटेवर. ग्रंथपाल खुर्चीवरून उठले आणि ओरडले, "थांबव!" त्यांच्या तोंडून एवढा आवाज निघेल असे कोणाला वाटले नसते. आवारातल्या सगळ्या माना वळल्या. बाईंची वळली नाही. त्यांची नजर माझ्यावर होती. अगदी शेवटी त्यांना चेंडू दिसला, मागोमाग मुलगी दिसली, आणि त्यांनी रिमोटवरचे चाक एकदम वळवले. मी मुलीच्या पायाजवळून गेले आणि दिव्याच्या सिमेंटच्या खांबावर आपटले.

मुलीला काही झाले नाही. तिची आई धावत आली, तिला उचलून घेतले आणि बाईंकडे एकदा पाहून निघून गेली. ती रागावली असती तर बरे झाले असते.

बाईंनी बंपर तारेने बांधला, वाकलेला दांडा बदलला. "हिचं स्टिअरिंग उशिरा वळतं," म्हणाल्या. मला वाईट वाटले. माझे स्टिअरिंग ठीक होते. बिघाड दुसरीकडे होता. मागच्या भागात काहीतरी चिरडले होते, मोटर जागेवरून किंचित सरकली होती, आणि मी धावू लागले की पोटातून किंचाळी निघत होती. मित्रांनो, आम्हा यंत्रांना दुखले-खुपले सांगायला आवाजाशिवाय दुसरे साधन नसते. मी सांगत होते, पण बाई ऐकत नव्हत्या. पुढच्या रविवारीही त्यांनी मला तशीच पळवली, त्याच्या पुढच्याही.

"बाई, गाडी ओरडतेय," डॉक्टर म्हणाले.

"कुठे?"

"अगं, खरंच आवाज येतोय," ग्रंथपाल म्हणाले.

"तुम्हाला पानं उलटल्याचासुद्धा आवाज मोठा वाटतो."

प्रत्येक फेरीला माझ्या आतल्या मोठ्या प्लास्टिकच्या दातेरी चाकाचा भुगा होत होता. शेवटी एकदा मी सरळ पट्ट्यावर ताकद गमावून मध्येच रेंगाळले. मोटर फिरत होती, पण चाकांपर्यंत पुरता जोर पोचत नव्हता. बाईंनी मला उचलले आणि दुकानात आणले.

दुपारची वेळ होती. दुकानाचे दार ओढून घेतलेले. बाईंनी मला लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवले, म्हणजे चाके हवेत राहतील. एके काळी त्या नुसत्या कानाने शिलाई मशीनची सुई बोथट झाल्याचे सांगत असत. तशाच त्या वाकल्या, कान माझ्याजवळ आणला आणि रिमोटचा खटका हळूहळू दाबला.

"बरोबर तर आहे," म्हणाल्या आणि मान वर केली.

समोर ग्रंथपाल दोन्ही हातांनी कान झाकून उभे होते.

बाईंनी खटका सोडला. मी थांबले. ग्रंथपालांनी हात खाली घेतले. बाईंनी पुन्हा खटका दाबला. त्यांचे हात आपसूक पुन्हा वर गेले. बाई त्या हातांकडे पाहत राहिल्या.

"एवढा मोठा आहे?"

"हो."

"कधीपासून?"

"खांबाला आपटली तेव्हापासून."

बाईंनी रिमोट टेबलावर ठेवला. मग विचारले, "आणि मला? मला कधीपासून ऐकू येत नाही?"

"त्याच्या बरंच आधीपासून," ग्रंथपाल म्हणाले. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि बाईंच्या समोर, त्यांना ओठ दिसतील असे बसले. "त्या दिवशी मी ओरडलो होतो. ती पोर आली तेव्हा."

"तुम्ही? ओरडलात?"

"सगळ्यांनी वळून पाहिलं."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मापाची फीत बोटाभोवती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "मला वाटलं, मीच वेळेवर बघितलं तिला. मी स्वतःवर खूश होते हो त्या दिवशी." मग म्हणाल्या, "हिला उचला आणि माळ्यावर टाका. मला नाही चालवायची आता."

मला वाटले, संपले. माळ्यावर गेलेली वस्तू पुन्हा खाली येत नाही. पण ग्रंथपाल जागचे हलले नाहीत. "नको चालवूस," म्हणाले. "पण दुरुस्त तर करशील? बिघडलेलं काही तू अजून तसंच ठेवलेलं मी पाहिलं नाही."

"ऐकू न येता दुरुस्त कशी करू?"

"ऐकायचं मी बघतो. मला त्यातलं कळत काही नाही, पण ऐकू येतं."

 बाईंनी बटणांचे डबे पुढे ओढले.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली दुपार. बाई खटका दाबायच्या आणि विचारायच्या, "सांगा, कसा आवाज आहे?" ग्रंथपाल डोळे मिटून ऐकायचे. "एक म्हणजे, लोखंडी कपाट फरशीवरून ओढल्यासारखा. सतत. आणि त्याच्या मागे दुसरा, टक, टक, टक. चाक जोरात फिरलं की भराभर, हळू फिरलं की सावकाश."

"दोन आवाज? नक्की?"

"नक्की दोन."

"मग बिघाडही दोन असणार." बाईंच्या आवाजात जरा जान आली. त्यांनी मोटरचे स्क्रू सैल करून तिला मोठ्या दातेरी चाकापासून दूर सरकवले आणि तिला एकटीलाच फिरवले. "आता?"

"आता शांत. नुसती गुणगुण."

"म्हणजे मोटरचा दोष नाही." मग त्यांनी माझे एकेक चाक हाताने फिरवले. पुढचे डावे, पुढचे उजवे. ग्रंथपाल दरवेळी मान हलवायचे. मागचे डावे, पुन्हा नकार. मागचे उजवे फिरले आणि ते चटकन म्हणाले, "हे. टकटक इथेच आहे."

बाईंनी त्या चाकाच्या मुळाशी बोटाचे टोक टेकवले आणि दुसऱ्या हाताने चाक अगदी सावकाश फिरवले. त्या बोटांना कापडातला एक निसटलेला धागाही कळतो. "हो, हो," त्या पुटपुटल्या. "वाळू भरल्यासारखं लागतंय." चाक काढले, दांडा ओढला, आणि आतले बेअरिंग तळहातावर काढले. नखाएवढी ती कडी चिरली होती. आतल्या इवल्याशा गोळ्या खडखडत होत्या. एवढ्याशा वस्तूने मला किती छळले होते.

किंचाळीचे मूळही मग सापडले. धडकेत मोटर सरकून तिचे छोटे दातेरी चाक मोठ्याला घट्ट चिकटले होते. दोघे एकमेकांना चावत राहिले आणि मोठ्याचे दात गेले. बाईंनी भिंगातून पाहिले आणि ग्रंथपालांनाही दाखवले. "वेळेवर ऐकलं असतं तर हे चाक वाचलं असतं," एवढेच म्हणाल्या.

नवे बेअरिंग आणि नवे दातेरी चाक बाजारातून आले. बाईंनी बेतायच्या कागदाची एक पट्टी कापली, ती दोन्ही दातेरी चाकांच्या मध्ये धरली, मोटर तिच्यावर टेकवून स्क्रू आवळले आणि मग पट्टी ओढून काढली. कागदाच्या जाडीएवढी फट राहिली. ना घट्ट, ना सैल. खटका दाबला.

"आता?"

ग्रंथपाल दाराकडे पाहून म्हणाले, "आता मला बाहेरची सायकलची घंटी ऐकू आली."

"घंटी वाजली?"

"वाजली."

बाईंनी मला फळीवर ठेवले. "उद्या दुकान उशिरा उघडू," त्या म्हणाल्या. "कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. तुम्ही सोबत चला. ते काय म्हणतात ते मला नीट ऐकू आलं नाही तर?"

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की कारखान्यातल्या त्या धडधडीने बारीक, उंच आवाज कानांतून कायमचे गेले आहेत. ते परत येणार नाहीत, पण यंत्राचा आधार मिळेल. बाईंना यंत्र मिळाले. पहिले काही दिवस त्या हैराण झाल्या. पिशव्यांची सळसळ, नळाचे ठिबकणे, ग्रंथपालांचे घसा खाकरणे, सगळेच अंगावर येई. रविवारी आवारात गेल्या तेव्हा रिमोट हातात धरून पुष्कळ वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. ग्रंथपालांना खुर्चीवर बसू दिले नाही, शेजारी उभे केले. मग आवारात कोणी मूल नाही हे पाहून मला सोडले.

मी एक फेरी मारून आले. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, एवढा आवाज करते ही?"

"हा चांगला आवाज आहे."

"हा चांगला? मग तो वाईट असताना तुम्ही कसे बसलात इथे पुस्तक घेऊन?"

ग्रंथपाल हसले.

मित्रांनो, त्याला आता खूप दिवस झाले. माझी बॅटरी पूर्वीइतकी टिकत नाही, प्लास्टिक ठिसूळ झाले आहे आणि मी फळीवरच जास्त असते. धूळ बसते, पण बाई पुसतात. तुमच्याकडे माझ्यासारखी गाडी असेल आणि धडकेनंतर ती वेगळा आवाज करू लागली, तर तिला तशीच पळवू नका. थांबा, उचला, एकेक चाक फिरवून पाहा. आणि मोठ्या आवाजात राहणे टाळा. माझे चिरलेले बेअरिंग बाजारात मिळाले. कानाचे सुटे भाग कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.

आणि घरातले कोणी एकच गोष्ट दोनदा विचारू लागले, तर वैतागू नका. हल्ली ग्रंथपालही विचारतात. वर्तमानपत्रातून डोके काढून म्हणतात, "काय म्हणालीस?" बाई कात्री खाली ठेवतात, त्यांच्या खुर्चीजवळ जातात, समोर उभ्या राहतात आणि पुन्हा सांगतात.